फायनलला आलो की येतो

काकांनी बसचे पडदे उतरवले की अख्ख्या वसाहतीला कळायचं, बाद फेरी आली. एरवी बस रोजच धुतली जायची, पण ही धुलाई वेगळी. सीटकव्हरं निघायची, खिडक्यांच्या खाचांतली माती जुन्या टूथब्रशनं निघायची, टायरांना काळा रंग लागायचा. मग पडद्यांचं गाठोडं काखेत मारून काका मैदानामागच्या धुलाईखोलीत जायचे आणि मावशींच्या टेबलावर ते ठेवायचे.

"आले का पडदे?" मावशी म्हणायच्या. "म्हणजे यंदाही आपणच पहिले."

"पहिले तर आहोतच."

"ते माहीत आहे हो. पहिले असण्यात आपला हात कोण धरणार?"

काका हसायचे आणि निघून यायचे. मावशी टीमचे कपडे धुवायच्या, काका टीमची बस चालवायचे. दोघांचीही नोकरी बाटल्यांच्या कारखान्यात होती आणि तो क्लबही कारखान्याचाच होता. कारखान्याच्या धुराड्याला लागून फुटबॉलचं मैदान, मैदानाला लागून बसची शेड, शेडला लागून काकांची दोन खोल्यांची जागा. बायको गेल्यापासून काका दोनपैकी एकच खोली वापरत. दुसरी लेकीची होती. ती लग्न करून गेली तरी तिच्या खोलीत काकांनी आपली खाट नेली नव्हती. उन्हाळ्यात तिकडे वारा चांगला यायचा, तरीही नाही.

लेकीला घरात ठकू म्हणत. शाळेच्या दाखल्यावर छान लांबलचक नाव होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. ठकू हाताची कुशल. दातांच्या डॉक्टरांना लागतात त्या कवळ्या, टोप्या बनवायचं काम शिकली आणि बंदराच्या मोठ्या शहरात एका प्रयोगशाळेत लागली. त्या शहरातलाच एक मुलगा तिनं पसंत केला. जहाजांची यंत्रं दुरुस्त करणारा, शांत, जेवताना दोनदा वाढून घेणारा. काकांना तो बघताक्षणी आवडला. लग्न इकडे कारखान्याच्या हॉलमध्ये झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली.

त्याच वर्षी टीमचं नशीब पालटलं होतं. नवे सर आले होते. बारीक, चष्मेवाले, कधी आवाज न चढवणारे प्रशिक्षक. त्यांनी वर्षभरात अशी काही घडी बसवली, की जी टीम कायम मधेच कुठेतरी लोंबकळत असायची ती साखळीत सगळ्यांच्या वर जाऊन बसली. साखळी म्हणजे लांबचं काम. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या. ते संपलं की वरच्या आठ टीम बाद फेरीत. तिथं एकदा हरलं की बिछाना गुंडाळायचा. आणि फायनल दरवर्षी बंदराच्या शहरात, तिथल्या मोठ्या स्टेडियममध्ये. त्या शहराची टीम आपल्या साखळीत नव्हती, त्यामुळे एरवी बस तिकडे जात नसे.

म्हणूनच गाडीत बसताना ठकूचे डोळे भरून आले तेव्हा काकांना एक मोठा आधार सापडला.

"रडतेस काय? पुढच्या महिन्यात तर मी तिकडे येतोय."

"कसे?"

"बस घेऊन. फायनलला. टीमला स्टेडियमवर सोडीन आणि गाडी सरळ तुझ्या दारात आणून लावीन. तुझ्या शेजाऱ्यांना कळू दे कुणाची लेक आहेस ती."

ठकू रडता रडता हसली. "मग मी जेवायचं काय करू ते आत्ताच सांगा."

"फायनलला आलो की सांगतो."

त्या वर्षी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात टीम हरली. तीही घरच्या मैदानावर. समोरच्यांनी सुरुवातीलाच एका कॉर्नरवर गोल केला आणि मग अकराच्या अकरा जण गोलासमोर भिंत करून उभे राहिले. आपली पोरं उरलेला सगळा वेळ त्या भिंतीवर डोकं आपटत होती. काकांची बस धुतलेले पडदे लावून शेडमध्ये उभी होती, ती तशीच राहिली. घरच्या मैदानावर हरलेल्या टीमला बस लागत नाही. खेळाडू मान खाली घालून चालत आपापल्या घरी गेले.

काकांनी ठकूला फोन केला.

"हरले गं."

"असू दे बाबा. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वर्षी टीम आणखी चांगली झाली. साखळीत पहिली आली आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. हरायची तऱ्हा तेवढी निराळी. कधी गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला, कधी कप्तानाची पेनल्टी आकाशात गेली, कधी पावसाचा एक सपाटा आला आणि आपला सगळा सुबक खेळ चिखलात रुतून बसला. हळूहळू वसाहतीत चेष्टा सुरू झाली. चाचणी परीक्षांत पहिलं येणारं आणि वार्षिक परीक्षेला ताप भरणारं पोर असलं, की आया म्हणायच्या, "आमचं ध्यान क्लबात घाला, शोभेल."

ठकू वर्षातून एकदा यायची, धावत-पळत. मुलगी झाल्यावर तिला तान्ही असताना एकदा घेऊन आली, मग येणं जमलं नाही. पण काका तिच्या घरी गेले नव्हते. सुरुवातीला ती म्हणायची, "बाबा, बसची वाट कशाला बघता? एसटीनं या, कशानंही या." काका म्हणायचे, "येतो ना. फायनलला आलो की येतो." आधी ती गंमत होती. मग सवय झाली. मग ते दोघांमधलं असं काही झालं की त्याला हात लावायला दोघंही कचरायला लागली.

आणि खरं सांगायचं तर काकांना कामाशिवाय कुणाच्या दारात जायला जमतच नसे. स्वतःच्या भावाकडेसुद्धा ते 'या बाजूला आलो होतो' असं म्हणूनच जायचे. शिवाय दुसऱ्याच्या गाडीत बसलं की त्यांच्या पोटात ढवळायचं. उभा जन्म स्टिअरिंगवर गेलेला. दुसरा कुणी चालवत असला की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबत राहायचा. मोसम संपला की सुट्टी असायची, पण तेव्हा टीम नुकतीच हरलेली असायची. हरल्यावर लेकीकडे काय तोंड घेऊन जायचं? एवढा गाजावाजा करून ठेवलेला. पुढच्या वर्षी जाऊ, ऐटीत जाऊ.

ठकू फोनवर घराचं वर्णन करायची. स्वयंपाकघराची खिडकी अशी आहे की भांडी घासता घासता स्टेडियमचे दिव्यांचे खांब दिसतात. जिन्यात शेजारच्या म्हातारीची मांजर बसलेली असते, ती बाजूला होत नाही, तिच्यावरून ढांग टाकून जावं लागतं. मुलीला भिंतीवर रेघोट्या मारायची खोड लागली आहे. काका ऐकत राहायचे. त्यांना ते घर इतकं पाठ झालं होतं की डोळे मिटले तर न धडपडता आत फिरले असते. फक्त वास माहीत नव्हता. प्रत्येक घराला एक वास असतो, तो फोनवरून येत नाही.

एकदा परगावच्या सामन्याहून परतताना सर पुढच्या सीटवर, काकांच्या बाजूला येऊन बसले होते. मागे पोरं जिंकल्याच्या आनंदात गात होती. काकांनी धीर करून विचारलं,

"सर, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"वर्षभर ज्यांना आपण सहज हरवतो, त्यांच्याशीच आपण तेव्हा कसे हरतो?"

सरांनी नजर रस्त्याकडे वळवली. काकांना वाटलं, आपण नको ते बोललो.

"मला सगळे विचारतात," सर म्हणाले, "आणि मी दर वेळी वेगळं सांगतो. आज खरं सांगतो. थोडं नशीब आहे, काका. चेंडू खांबाला लागतो. वर्षभरात तीस वेळा आपल्या विरुद्ध लागला तर तीस वेळा आपल्या बाजूनंही लागतो, हिशोब फिटतो. एकाच दिवशी फिटायला वेळ कुठे असतो?"

"पण दरवर्षी?"

"हां. दरवर्षी म्हणजे नुसतं नशीब नव्हे." सरांनी चष्मा काढून पुसला. "आपला पहिला नंबर साखळी संपायच्या आधीच पक्का होतो, मग शेवटचे रविवार आपल्याला विश्रांतीच. खालच्या टीम तेवढ्यात एकमेकींशी भांडून, रक्तबंबाळ होऊन आपल्यासमोर येतात. त्या तापलेल्या असतात, आपण गार. त्यांना हरायची लाज नसते, आपल्याला असते. आणि आपली पोरं, काका, वर्षभर पुढेच असतात. मागे पडल्यावर काय करायचं ते मी त्यांना शिकवतो, पण शिकवून ते येत नाही. ते पडावंच लागतं."

"मग मधे एखादा सामना हरायचा मुद्दाम."

सर हसले. "तेही एकदा मनात आलं होतं. पण मुद्दाम हरण्यानं मुद्दाम हरणं तेवढं शिकता येतं."

मावशींची कारणमीमांसा याहून सोपी होती. त्या म्हणायच्या, "विश्रांतीच्या दिवसांत माझ्याकडे कपडे येतात ते बघा. घामाचा वास नाही. साबण लावताना मलाच वाईट वाटतं." हे त्यांनी एकदा सरांसमोरच सांगितलं आणि सरांनी पुढल्या वर्षी विश्रांतीत पोरांना दुप्पट पळवलं. तेव्हा दोघांच्या मांड्या धरल्या आणि टीम त्या दोघांवाचून हरली. मावशींनी नंतर या विषयावर बोलणं सोडलं.

मग ते वर्ष आलं. साखळी निम्मी झाली होती आणि टीम एकही सामना हरली नव्हती. एका संध्याकाळी ठकूचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मुलीचा दात हलतोय म्हणाली. मग म्हणाली,

"बाबा, यांना बाहेरच्या देशात नोकरी लागली आहे. मोठ्या जहाजांच्या गोदीत. मलाही तिकडे माझं काम मिळेल म्हणतात."

"अरे वा," काका म्हणाले.

"उन्हाळा संपायच्या आत जावं लागेल."

"हो, मग. जायलाच हवं. संधी आहे."

मागे नात काहीतरी आपटत होती.

"टीम कशी आहे यंदा?" ठकूनं विचारलं.

"हरलीच नाही अजून."

"मग येणार ना?"

"येणार म्हणजे काय," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर ते लेकीच्या खोलीत गेले, दिवा लावला आणि कशाला आलो ते न आठवल्यासारखे उभे राहिले.

त्या वर्षी काकांनी प्रत्येक सामना उभ्यानं पाहिला. टीम खरोखरच एकही सामना न हरता साखळी संपवून बसली. वर्तमानपत्रात फोटो आले. पडदे मावशींकडे गेले आणि इस्त्री करून तयार झाले. समोर येणारी टीम आठव्या नंबरची, मिठागरांच्या गावची. त्यांची पोरं आठवडाभर मीठ ओढायची आणि रविवारी खेळायची. साखळीच्या शेवटच्या कितीतरी रविवारी त्यांना जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, एक हरले असते तरी घरी गेले असते. आले तेही भाड्याच्या खटारा गाडीतून. तिचा मागचा दिवा फुटका होता. गेटमधून आत घेताना काकांनीच हात दाखवून ती आपल्या बसशेजारी लावून घेतली. गाडीतून उतरणारी पोरं एकमेकांशी भांडत होती, हसत होती, कुणाचा तरी एक बूट सापडत नव्हता.

सामना सुरू झाला. आपल्या टीमनं पहिला गोल केला तेव्हा काकांचा जीव भांड्यात पडला. हाफटाइमनंतर मिठागरवाल्यांनी बरोबरी केली. अन् मग, लोक जागेवर बसतायत न बसतायत तोवर, त्यांचा दुसरा गोल झाला.

टीम मागे पडली होती. त्या वर्षात पहिल्यांदा.

कप्तानानं बाकावरच्या सरांकडे पाहिलं. सर हातानं शांत, शांत म्हणत होते. पण पोरं शांत राहीनात. जो तो चेंडू घेऊन एकटाच गोलाकडे पळत सुटला. एरवी डोळे मिटून एकमेकांना पास देणारी ही पोरं एकमेकांकडे बघेनाशी झाली. अगदी शेवटी कप्तानाचा एक फटका गोलरक्षकाला चकवून गेला. काकांनी हात वर केले. चेंडू खांबाला लागून बाहेर आला. त्यांचे हात तसेच थोडा वेळ वर राहिले.

शिट्टी झाली. मिठागरवाले मैदानात आडवे पडून रडत होते, जिंकले म्हणून.

काका शेडमध्ये आले, बसमध्ये चढले आणि आपल्या जागेवर बसून राहिले. बाहेर अजून ऊन होतं. थोड्या वेळानं मावशी आल्या. त्यांच्या हातात इस्त्रीच्या पडद्यांची चळत होती.

"लावायचे का?"

"राहू द्या."

मावशींनी पडदे सीटवर ठेवले आणि त्या पायरीवरच टेकल्या.

"पोरगी कधी जाणार?"

"उन्हाळा संपता संपता."

"आणि तुम्ही?"

काका स्टिअरिंगवर बोट फिरवत राहिले.

"काका, एक सांगते. तुमच्या मुलीनं काय बसला बोलावलंय?"

एवढं बोलून त्या उठल्या आणि गेल्या. त्यांना अजून अकरा जणांचे कपडे भिजत घालायचे होते.

दुसऱ्या दिवशी काका रजा मागायला सरांच्या खोलीत गेले. सरांची दाढी वाढलेली होती. टेबलावर चहा तसाच गार होऊन त्यावर साय धरली होती. काकांनी कारण सांगितलं.

"जा, जा," सर म्हणाले. "मीही कुठेतरी गेलो असतो. पण जाईन तिथं मला लोक विचारतील."

काकांनी तिकीट काढलं आणि प्रवासी बसमध्ये खिडकीजवळ बसले. खिशात दोन लिंबं होती. ड्रायव्हर पोरगेलासा होता आणि वळणावर उगाच क्लच दाबायचा. अर्ध्या वाटेत काकांना दोनदा उतरावं लागलं. दुसऱ्या वेळी शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "पहिल्यांदाच एवढा लांबचा प्रवास करताय वाटतं?"

"हो," काका म्हणाले. आपण स्वतः ड्रायव्हर आहोत, हे सांगायची सोय नव्हती.

शहरात पोचल्यावर त्यांनी विचारत विचारत गल्ली शोधली. जिना आला. जिन्यात मांजर होतीच. काकांनी खालूनच फोन लावला.

"ठकू, घरी आहेस का?"

"आहे की. का हो, काय झालं? आवाज असा का येतोय?"

"काही नाही. खाली उभा आहे."

"कुठं खाली?"

"तुझ्या घराच्या."

वरून भांडं पडल्याचा आवाज आला. ठकू धावत उतरली ती हात पिठाचे तसेच घेऊन. शेवटच्या पायरीवर येऊन थांबली. काका म्हणाले, "या बाजूला आलो होतो," आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. ठकूनं पिठाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली. सदऱ्यावर पाठभर पंजे उमटले.

घर अर्धं खोक्यांत गेलं होतं. तरी ठकूनं त्यांना सगळं दाखवलं, एखाद्या नव्या भाडेकरूला दाखवावं तसं. ही खिडकी. हे ते दिव्यांचे खांब. या भिंतीवरच्या रेघोट्या. इथं कपाट होतं, काल विकलं. काकांच्या मनात ते कपाट दाराच्या डावीकडे होतं. भिंतीवरचा फिकट चौकोन उजवीकडे निघाला. ते त्या चौकोनासमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले. घराला लाकडाचा, साबणाचा आणि कवळ्यांना लागतं त्या गुलाबी मेणाचा मिळून एक वास होता. आता आणखी थोडे दिवस.

नात आधी दारामागून बघत होती. मग जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही फोनमधले आजोबा का?"

"हो."

"तुमची बस कुठे आहे?"

"बस आली नाही. आमची टीम हरली."

"रोज हरते?"

"रोज जिंकते. शेवटी हरते."

"का?"

ठकू खोक्यावर चिकटपट्टी लावत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण तिचा हात थांबला.

काकांनी नातीला मांडीवर घेतलं. सरांचं सगळं बोलणं त्यांना आठवत होतं, पण एवढ्याशा पोरीला ते कसं सांगायचं? ते म्हणाले, "वर्षभर कसं असतं, आज चुकलं तर पुढच्या रविवारी सुधारता येतं. पुढचा रविवार असतोच. त्याची सवय होते गं. चांगली चांगली माणसंसुद्धा धरून चालतात, की आहे पुढचा रविवार."

"मग?"

"मग एक दिवस असा येतो, की त्याच्यापुढे रविवार नसतो. आणि ते कुणी आधी सांगत नाही."

नातीला ते फारसं पटलं नाही. तिनं आ करून दुसरा हलणारा दात दाखवला. ठकूनं दातांनी चिकटपट्टी तोडली. थोड्या वेळानं, पाठ तिकडेच ठेवून, ती म्हणाली,

"मी दर फायनलला या खिडकीत बसायचे, बाबा. टीमच्या बसेस इथूनच वळतात. तुमची नाही हे माहीत असायचं. तरी बसायचे."

काका म्हणाले, "मला फोनवर सांगायचंस."

"काय सांगायचं होतं?" ठकू म्हणाली.

जाईपर्यंत काका तिथेच राहिले. नातीला बागेत न्यायचे, आणायचे. मांजरीवरून ढांग टाकायला शिकले. स्वयंपाकघराचा नळ ठिबकत होता, त्याचं वायसर बदलायला बसले तेव्हा जावई म्हणाला, "बाबा, आता घर सोडायचंच आहे, कशाला त्रास घेता?"

"असू दे. गळतंय ना."

जावयानं पाना आणून दिला आणि शेजारी बसून बॅटरी धरली. इतक्या वर्षांत सासरा-जावयाचं झालं नव्हतं एवढं बोलणं त्या नळाखाली झालं. रात्रीच्या जेवणाला काकांनी पाहिलं, तो अजूनही दोनदा वाढून घेतो. बरं वाटलं.

विमानतळावर जाताना काका टॅक्सीत पुढे बसले. त्यांचा पाय सगळी वाट ब्रेक दाबत होता. आत जायच्या दारापाशी ठकू म्हणाली, "तिकडे काही तुमची फायनल होत नाही, बाबा."

"नाही."

"मग?"

"बघू."

"बघू म्हणू नका."

"येतो," काका म्हणाले. नातीनं काचेपलीकडून हात हलवला, तोंड उघडून दाताची खिडकी दाखवली आणि ती तिघं गर्दीत मिसळली. काका बराच वेळ तिथं उभे होते. मग त्यांनी दोन लिंबं विकत घेतली आणि बसस्टँडचा रस्ता धरला.

पुढच्या मोसमात टीम मोडकळीला आली. कप्तानाला मोठ्या क्लबानं नेलं, दोन चांगली पोरं त्याच्या मागोमाग गेली. सर तेवढे राहिले. साखळीत टीम रडतखडत चालली. हरायची, बरोबरी करायची, मधेच जिंकायची. मागे पडायचं तर पोरांना इतकं अंगवळणी पडलं, की गोल खाल्ल्यावर ती चेंडू उचलून मध्यावर धावत न्यायची, वेळ वाया जायला नको म्हणून. शेवटच्या रविवारी जिंकून कसाबसा आठवा नंबर मिळाला. वसाहतीत कुणी काही बोललं नाही.

आठव्या नंबरला घरचं मैदान मिळत नाही. म्हणून बाद फेरीला पहिल्यांदाच काकांच्या बसला काम निघालं. पडदे उतरवायलाही सवड नव्हती. परक्या गावी जाऊन पोरं पहिल्या नंबरच्या टीमला हरवून आली. मग दुसऱ्यांना. परत येताना मावशी बसमध्ये होत्या, कपड्यांच्या पिशव्यांवर बसून. "वास बघा," त्या म्हणाल्या, "नाक धरून बसायची वेळ आली," आणि डोळे पुसले.

काका फायनलला आले.

स्टेडियमवर टीमला उतरवून त्यांनी बस लावली. ड्रायव्हरला आत बसायचा पास मिळाला होता, तो खिशात होता. पण काका चालत त्या गल्लीत गेले. खिडकीला दुसऱ्या कुणाचे पडदे होते, निळे. आत एक बाई भांडी घासत होती. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून काकांनी फोन लावला. तिकडे पहाट असावी. ठकूचा आवाज झोपेतला होता.

"बाबा? बरे आहात ना?"

"बरा आहे. फायनलला आलोय."

पलीकडून तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"जिंकतायत का?"

"मी बाहेर आहे."

"बाहेर काय करताय? आत जा की."

"जातो. आधी तुझ्याशी बोलतो."

तिनं तिकडच्या घराचं सांगितलं. थंडी फार आहे. जिन्यात मांजर नाही. मुलीला नवा दात आला, जरा तिरका. स्टेडियममधून मोठा गलका उठला, तो फोनमधून तिकडेही गेला.

"कुणाचा गोल?"

"कुणास ठाऊक," काका म्हणाले. "तू सांग, घर कसं आहे. दार उघडल्यावर काय येतं समोर?"

ती सांगत राहिली. काका ऐकत राहिले, आणि गलका उठत होता आणि बसत होता.

टीम पेनल्टीवर हरली. मावशींनी नंतर सगळं सांगितलं, दोनदा मागे पडून दोनदा कशी बरोबरी केली ते. पोरं रडली, मग बसमध्ये एकानं काहीतरी चेष्टा केली आणि हसली, मग एकेक करून झोपली. सर पुढच्या सीटवर येऊन बसले. हरलेले असूनही त्यांचा चेहरा निवलेला दिसत होता.

शहर मागे पडल्यावर काका म्हणाले, "सर, या सुट्टीत मला रजा जास्त लागेल. साखळी सुरू व्हायच्या आधी येतो."

"कुठे जायचंय?"

"लेकीकडे. विमानानं."

"फायनल हरलो म्हणून?" सरांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "सहज जायचंय."

सरांनी मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले. रस्ता मोकळा होता. काकांनी गिअर बदलला आणि बस घराकडे घेतली.